फैसलचा रकाना

हे शांतपणे लिहावं असं मी ठरवलं होतं. दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा कागद फाडला. शांतपणे लिहायला गेले की सगळ्यांचीच बाजू बरोबर दिसू लागते, आणि ती बरोबर नव्हती. तेव्हा रागातच लिहिते. चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

मी बेंगळुरात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, शिंपीकाम करतात. आमची माणसं या गावात किती पिढ्यांपासून आहेत ते अण्णांनाही सांगता येत नाही. पेटेतली, म्हणजे जुन्या बाजारातली, जागा सोडून आम्ही राजाजीनगरात राहायला आलो तेव्हा तिथं रस्ते आखलेले होते, पण रस्त्यांपेक्षा तांबडी माती जास्त होती. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत आम्ही.

अण्णांना देवनागरी अडखळत वाचता येते आणि कानडी दुकानाच्या पाट्यांपुरती. मोडी मात्र त्यांच्या हातात बसलेली आहे, कारण त्यांच्या वडिलांनी त्यांना मापांची वही मोडीतच लिहायला शिकवली. बायकांची मापं मी घेत असे आणि अण्णांना वाचता यावीत म्हणून मोडीतच टिपून ठेवत असे. छाती, खांदा, मुंढा, बाही, उंची. कॉलेजात जाईपर्यंत माझी अशी समजूत होती की मोडी ही शिंप्यांची लिपी आहे. हे वर्गात बोलून दाखवलं तेव्हा सगळे हसले. आमचे प्राध्यापक हसले नाहीत. त्यांनी मला तास संपल्यावर थांबायला सांगितलं.

ते म्हणाले, मागच्या शतकात या भागात कोर्टाचे कागद पुष्कळदा मराठीत, मोडी लिपीत लिहीत. इथल्या एका जुन्या कोर्टाच्या दप्तरात ते अजून पडून असावेत. नवरा मेल्यावर राहत्या घरातून काढलेल्या बायका कोर्टात जात का, गेल्या तर काय मागत, याविषयी कोणी लिहिलेलं नाही. "मला ते वाचता येत नाही. या कॉलेजात कुणालाच येत नाही," ते म्हणाले. "तुला येतं."

आमच्या पुढच्या खोलीतली एखादी गोष्ट कॉलेजात उपयोगी पडेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी त्या दिवशी बसमध्ये उभ्यानं घरी आले आणि सगळा रस्ता हसत होते. माझा प्रबंध त्या कागदांवर लिहायचा, एवढं पक्कं झालं.

त्या कोर्टाचं नाव मी लिहीत नाही. दप्तराची खोली मागच्या अंगाला होती, लोखंडी जाळीच्या दाराची. दाराशी टेबल लावून रेकॉर्ड कीपर बसत. वयस्क, कपाळावर चष्मा, बोटाला तपकीर. ते कानडीत बोलत, मीही कानडीतच.

"एनम्मा, कुठली केस?"

"केस नाही सर. जुने कागद बघायचे आहेत."

"कोणाच्या केसचे?"

"कोणाच्याच नाही."

त्यांनी चष्मा खाली घेतला. "नवऱ्याशी भांडण आहे का?"

"माझं लग्न झालेलं नाही."

"लग्नाच्या आधीच कोर्टात आलीस? पुढचं ओळखून आहेस."

बाकावर वकिलांचे कारकून बसले होते. ते मोठ्यानं हसले. मीही हसले, कारण काय करावं ते मला सुचलं नाही.

मग अर्ज. त्यात एक ओळ होती: अर्जदाराचा खटल्याशी संबंध. मी 'विद्यार्थिनी' असं लिहिलं. त्यांनी त्यावर रेघ ओढली. "हा संबंध होत नाही. पक्षकार, वारस, वकील. तू यातली कोण?"

"यातली कोणी नाही."

"मग परकी."

परक्या माणसाला कागद दाखवायचे तर त्यानं प्रतिज्ञापत्रावर पुरेसं कारण द्यायला हवं. मी प्रतिज्ञापत्र करून आणलं. कारण म्हणून 'अभ्यास' लिहिलं. आठवड्यानं ते परत आलं, पुरेसं कारण नाही असा शेरा मारून. प्राध्यापकांची चिठ्ठी जोडून पुन्हा दिलं. आता खटल्याचा नंबर हवा होता.

"नंबर कुठं मिळेल सर?"

"रजिस्टरात."

"रजिस्टर बघू?"

"रजिस्टर परक्यांना दाखवत नाहीत."

"मग नंबर कसा कळणार?"

"ज्याचा खटला असतो त्याला माहीत असतो," ते म्हणाले. ते उगाच छळत होते असंही नाही. त्यांना खरंच तसं वाटत होतं. कागद ज्याच्या भांडणाचा, त्याचाच तो. ते भांडणारे मरून गेले, त्यांचे वारस कुठं पांगले ते कुणाला ठाऊक नाही, म्हणजे कागद कोणाचाच नाही, म्हणून तो कोणीही बघायचा नाही. मला कायदा कळत नाही. पण याला काही अर्थ नाही हे शिंप्याच्या मुलीलाही कळत होतं.

मी सात-आठ वेळा तरी गेले असेन. एकदा गेले तेव्हा जाळीचं दार उघडं होतं. शिपाई एक गाठोडं झटकायला बाहेर घेऊन आला होता. खटल्याचे कागद कापडात बांधतात, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. रुमालाच्या गाठीतून एक चिठ्ठी लोंबत होती. मी ती सहज, स्वतःशी वाचावी तशी मोठ्यानं वाचली. "बाई विधवा विरुद्ध दीर. परसातल्या विहिरीवर जाण्याची वाट. फैसल."

रेकॉर्ड कीपरांचा तपकिरीचा हात नाकापाशी थांबला. "काय म्हणालीस?"

"हे मोडी आहे सर. भाषा मराठी. फैसल म्हणजे निकाल लागला."

"फैसल आम्हालाही कळतं. पण हे... हे अक्षर आहे होय? आम्हाला वाटलं शाईत मुंग्या पडून पळाल्यात." ते उठून उभे राहिले. "अशी चार कपाटं आहेत. रजिस्टरात 'लिपी अज्ञात' लिहिलंय."

त्यांनी मला शिरस्तेदारांकडे नेलं. शिरस्तेदार म्हणजे कोर्टाच्या कचेरीतले मुख्य. ते गोड बोलत. "बसा अम्मा," म्हणाले. त्या इमारतीत मला बसा म्हणणारे ते पहिलेच. मी वितळले.

ते म्हणाले, भाषावार रचनेत राज्य मोठं झाल्यापासून नव्या जिल्ह्यांचे कागद येऊन पडलेत आणि ठेवायला जागा नाही. ही चार कपाटं काय आहेत हे कोणालाच ठाऊक नाही. तर तुम्ही चिठ्ठ्या वाचून इंग्रजीत यादी करा. नंबर, पक्षकार, विषय, असे तीन रकाने. रुमाल सोडायचा नाही, आतलं बघायचं नाही, स्वतःसाठी काही उतरवून घ्यायचं नाही. यादी झाली की नंबर मिळतील, आणि नंबर मिळाले की तुमचा अर्ज पुढं सरकेल.

मी त्यांचे आभार मानले. दोनदा मानले.

घरी अण्णा काजं करत बसले होते. ऐकून त्यांनी सुई थांबवली.

"कोर्टात? रोज?"

"आठवड्याला तीन दिवस अण्णा."

"कोणी बघितलं तर? तुझ्या संबंधाचं बोलणं चाललंय. पोरगी कोर्टात फिरायली म्हणतील." आमच्या बोलण्यात लग्नाच्या स्थळाला संबंध म्हणतात, कानडीतही म्हणतात.

"तिथंही संबंधच विचारतात अण्णा."

"मग काय सांगितलीस?"

"काही नाही म्हणून."

"बघ. इथंही नाही, तिथंही नाही," अण्णा म्हणाले, आणि त्यांनाच हसू आलं. मग सुई पुन्हा चालू करत म्हणाले, "सरी, बरं, जा. पण अंदाजानं वाचू नको. माप अंदाजानं लिहिलं की कापड वाया जातं."

दोन महिने मी ते काम केलं. कपाटात वाळवी होती, धुळीनं माझा आवाज बसला. पण खरं सांगायचं तर मी इतकी खूश कधीच नव्हते. चिठ्ठीमागून चिठ्ठी बायकाच येत होत्या. सासू विरुद्ध सून, चुलीच्या जागेबद्दल. दोन सवती, एका दाराच्या कडीबद्दल. बाई, तळ्याच्या पाण्याच्या पाळीबद्दल. नावं आमच्याच आत्या-मावश्यांसारखी. आत काय असेल ते मला माहीत नव्हतं. आत त्यांचं बोलणं असणार, कोणीतरी लिहून घेतलेलं. चिठ्ठी एक ओळ आणि रुमाल वीतभर जाड.

एका रुमालाची गाठ सैल झाली होती. एक कागद कडेनं बाहेर आला होता आणि त्याच्या तळाशी शाईनं काढलेलं एक वर्तुळ दिसत होतं. ती बांगडीची निशाणी. लिहिता न येणारी बाई सहीच्या जागी बांगडी काढत असे, हे मला अण्णांकडून ठाऊक होतं. आमच्याकडचे पुरुष कात्री काढत. वर्तुळ नीट जुळलेलं नव्हतं. शिपाई बाहेर विडी ओढत होता. कागद दोन बोटं बाहेर ओढला असता तर कुणाला कळलं नसतं. मी तो आत सारला आणि गाठ घट्ट मारली. रुमाल सोडायचा नाही असं मी कबूल केलं होतं ना.

या प्रामाणिकपणाची मला आता चीड येते.

आणि आता चौथ्या रकान्याविषयी. शिरस्तेदारांनी तीन रकाने सांगितले होते. पण जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीच्या शेवटी 'फैसल' हा शब्द होता. काहींवर नव्हता. मला वाटलं, पुढं कोणी अभ्यासाला आलं तर आत निकालाचा कागद आहे की नाही हे त्याला आधीच कळेल. मी पट्टी घेतली आणि माझ्या मनानं चौथा रकाना आखला. फैसल की नाही. कोणी सांगितलं नव्हतं. मला काम जास्त चांगलं करायचं होतं. आमच्यासारख्या घरातून पहिल्यांदा बाहेर आलेली मुलं नेहमी मागितल्यापेक्षा थोडं जास्त करून देतात. नाहीतर आपल्याला परत पाठवतील असं वाटत असतं.

शिरस्तेदारांनी यादी चाळली. चौथ्या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं, मग वरून खाली सरकत गेलं. "हे फार छान केलंत अम्मा," ते म्हणाले. प्रत्येक पानावर माझी सही घेतली. "महिन्याभरानं या."

मी महिन्याभरानं गेले. जाळीचं दार सताड उघडं होतं. फिनेलचा वास येत होता, फरशी अजून ओली होती. चारही कपाटांत नव्या जिल्ह्यांच्या फायली होत्या, त्यांच्यावर पांढरी लेबलं. रेकॉर्ड कीपर माझ्याकडे न बघता काहीतरी लिहीत राहिले.

"सर, ते रुमाल कुठं हलवले?"

"हलवले नाहीत."

"मग?"

"नष्ट केले. नियमाप्रमाणे." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांचा आवाज उतरला होता. "अम्मा, निकाल लागलेल्या खटल्याचे कागद मुदत संपल्यावर जाळता येतात. काय आहे ते ठाऊक नसलेल्या कागदांना हात लावता येत नाही. इतकी वर्षं लिपी अज्ञात म्हणून ते राहिले होते. तुझ्या यादीनं ते ज्ञात झाले."

"सगळ्यांवर फैसल नव्हतं सर. मी नाही म्हणूनही लिहिलं होतं."

"स्वल्प उरले होते. तेवढ्यासाठी कपाट कशाला अडवायचं म्हणून तेही गेले."

मी शिरस्तेदारांच्या खोलीत न विचारता शिरले. मोठ्या माणसासमोर मी आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता. तो कसा चढवतात हेही मला माहीत नव्हतं. माझ्या तोंडून कानडी, इंग्रजी आणि मराठी एकदमच येऊ लागलं.

"बसा अम्मा," ते म्हणाले.

"नाही बसत. तुम्ही मला वाचू का दिलं नाही? जाळायच्या आधी एक दिवस तरी?"

"तुमचा अर्ज मंजूर नव्हता. आता नंबर मिळालेत, आता होऊ शकतो."

"कागद नाहीत, तर अर्ज मंजूर करून काय करू?"

"तो प्रश्न वेगळा," ते म्हणाले. चेष्टा करत नव्हते.

"जाळायचा नियम आहे आणि वाचायचा नियम नाही?"

"उद्या वाचायचा नियम केला तर कोणीही येऊन कोणाच्याही घरातलं भांडण वाचेल. बायकांच्या अब्रूचा प्रश्न असतो. तुम्ही स्वतः बाई आहात."

"त्या बायका मरून शंभर वर्षं झाली असतील! आणि त्यांनी चोरून नाही सांगितलं. भर कोर्टात, सगळ्या गावासमोर उभं राहून सांगितलं होतं. लिहून घ्या म्हणाल्या होत्या."

त्यांनी ड्रॉवर उघडला, माझी यादी काढली आणि शेवटच्या पानावरची सही माझ्याकडे वळवली.

मी बाहेर आले आणि आवारातल्या नळावर तोंड धुतलं. तेव्हापासून आजपर्यंत मी त्यांना उत्तरं देते आहे, तांदूळ निवडताना, बसमध्ये, वर्गात. मला कागद घरी न्यायचे नव्हते. एक टेबल, एक बाक, आणि मी काही फाडू नये म्हणून समोर शिपाई, एवढंच हवं होतं. दप्तरात काय काय आहे याची एक यादी दाराशी ठेवली असती, कोणालाही बघता येईल अशी, तर माझ्या यादीची गरज पडली नसती. जे कागद आपल्याला वाचता येत नाहीत ते जाळायच्या आधी निदान वाचता येणाऱ्याला बोलवावं, हे सुचायला कोणता कायदा लागतो? त्यांनी वाचता येणारीला बोलावलं होतं. ती समोर बसली होती. तिच्याकडून फक्त जाळण्यापुरतं वाचून घेतलं.

आणि मी ते करून दिलं. हा राग त्या सगळ्यांवरच्या रागापेक्षा मोठा आहे, आणि तो कोणावर काढता येत नाही.

प्राध्यापकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, छापील अहवालांवर काहीतरी लिही, वर्ष वाया घालवू नकोस. मी लिहिलं. पण त्याआधी चार दिवस मी घरी बसून आठवतील तेवढ्या चिठ्ठ्या लिहून काढल्या. दोन महिने रोज वाचलेल्या होत्या, बऱ्याच आठवल्या. त्या मी प्रबंधाच्या शेवटी जोडल्या आणि वर लिहिलं की हे कागद मी बाहेरून पाहिले होते, आतून पाहण्याची परवानगी मिळाली नाही, आता ते अस्तित्वात नाहीत.

"हे काढ," प्राध्यापक म्हणाले. "याला आधार नाही. आधार म्हणजे जे दुसऱ्याला जाऊन तपासता येतं ते."

"हेच मी त्यांना वर्षभर सांगत होते सर."

त्यांनी मान खाली घातली. ते वाईट नव्हते. पण ती पानं मी काढली नाहीत. घाबरत घाबरत का होईना, पण नाही काढली.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. त्यांनी शेवटची पानं उघडली, लाल पेन्सिलीनं कडेला एक रेघ मारली आणि विचारलं, "यातला एखादा तरी कागद दाखवता येईल तुम्हाला?"

"नाही सर."

"मग मी हे का मानावं?"

मला दुसरा वर्ग मिळाला. कॉलेजात शिकवायला पहिला लागतो. मी आता एका शाळेत इतिहास शिकवते.

तोंडी परीक्षेच्या त्या दिवशी अण्णा कॉलेजच्या फाटकाबाहेर सायकल धरून उभे होते. मशीन बंद ठेवून ते दिवसाउजेडी कुठं जात नाहीत.

"काय विचारलं?"

"कागद कुठं आहेत म्हणून विचारलं."

"मग बरोबरच विचारलं की," अण्णा म्हणाले. "पण तुला कशाला विचारलं? चल म्हणायचीस, दाखवते. न्यायचीस त्यांना थेट त्या कोर्टात, आणि त्या दारात उभं करून, तिथं विचारा म्हणायचीस."

मला ते सुचलं नव्हतं. मागं वळून पाहिलं तर परीक्षक टांग्यात बसत होते. मी दोन पावलं त्यांच्याकडे गेले, हाकही मारली असं मला आठवतं. टांगा निघाला होता.